साहेब येईपर्यंत

तालुक्याच्या गावातला जुना वाडा. मधल्या घरात एक म्हातारी बाई मरून पडलेली, डोक्याला मार. मी तेव्हा नवा फौजदार, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. माझ्या आधी एक हवालदार पोचले होते, ते दारात गर्दी आवरत होते. मी आत शिरलो आणि स्वयंपाकघरात डोकावलो. ओट्यावर दोन कपबशा होत्या. एक कप रिकामा, दुसऱ्यात बोटभर चहा, वर साय धरलेली. शेजारची एक बाई आत आली, ‘आता माणसं यायची’ असं पुटपुटली, दोन्ही कपबशा उचलून मोरीत नेल्या आणि विसळून टाकल्या. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मयताच्या घरी शेजारणी हेच करतात. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. सगळं दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागायला मला दहा मिनिटं लागली. म्हातारी एकटी राहायची. मग दुसरा चहा कोणाचा?

कप गेले ते गेलेच. त्याहून मोठी चूक मी नंतर केली. कप विसळले गेले हे कुणालाच सांगितलं नाही. वरिष्ठ रागावतील या भीतीने पंचनाम्यात कपांचा उल्लेखच टाळला. पुढे खटला उभा राहिला. पंच असलेल्या दुकानदाराने साक्षीत सहज सांगून टाकलं, की मी दारातून पाहिलं तेव्हा ओट्यावर दोन कप होते. माझ्या साक्षीच्या वेळी बचावाचे वकील माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘हे लिहिलं नाहीत, तर आणखी काय काय लिहिलं नाहीत?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. त्याला इतरही कारणं होती, पण त्या प्रश्नानंतर कोर्टाचा माझ्यावरचा विश्वास उडाला, हे मला पिंजऱ्यात उभ्या उभ्या कळलं होतं.

हा लेख मी घटनास्थळी सगळ्यात आधी पोचणाऱ्यांसाठी लिहितो आहे. तो नव्याने भरती झालेला शिपाई असेल, बीट मार्शल असेल, ११२ च्या गाडीवरचा अंमलदार असेल, गावचा पोलीस पाटील असेल. कधी तो पोलीसही नसतो. शेजारी असतो, सोसायटीचा वॉचमन असतो, सकाळी शेतावर निघालेला माणूस असतो. तपास अधिकारी, फॉरेन्सिकवाले, श्वान पथक, फिंगर प्रिंटवाले हे सगळे नंतर येतात, आणि पहिल्या माणसाने जे राखलं असेल तेवढंच त्यांच्या हाती लागतं.

शिकवताना सगळे सांगतात, घटनास्थळ जसंच्या तसं ठेवा. ते बरोबरच आहे. पण घटनास्थळ पूर्णपणे जसंच्या तसं मला तरी सगळ्या नोकरीत एकदाही मिळालं नाही. कुणीतरी दार उघडलेलं असतं, कुणीतरी नाडी पाहिलेली असते, कुणीतरी पंखा बंद केलेला असतो. तुम्ही स्वतः आत पाऊल टाकलं की तुमचाही ठसा उमटतो. म्हणून तुमची कामं दोन. शक्य तितकं कमी बदलू द्या, आणि जे बदललं त्याचा हिशेब चोख ठेवा. पहिलं काम सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं भल्याभल्यांकडून राहून जातं.

जीव आधी

आत माणूस जिवंत असण्याची शक्यता असेल, तर बाकी सगळे नियम बाजूला. पुरावा तुडवला गेला तरी चालेल, १०८ ला फोन करा आणि जखमीला हलवा. गळफास घेतलेल्या माणसात धुगधुगी असेल तर त्याला खालून उचलून धरा आणि दोर कापा. फक्त गाठ सोडू नका. गाठीपासून लांब, मधेच कापा. गाठ कशी मारली आहे यावरून तज्ज्ञांना बरंच काही कळतं आणि सोडलेली गाठ पुन्हा तशीच बांधता येत नाही. माणूस गेलेला आहे हे उघड दिसत असेल, तर दोराला हात लावायचं काहीच कारण नाही. शंका असेल तर जिवंत आहे असं धरून चाला. मृत्यू डॉक्टर ठरवतील.

स्वतःचा जीवही त्यात आला. गॅसचा वास येत असेल तर दिव्याचं बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. बाहेरून खिडक्या उघडता येतील तर उघडा. शॉक लागून माणूस पडला असेल तर आधी मेन स्विच पाडा. हल्लेखोर अजून आतच असेल हेही धरून चाला.

जखमीबरोबर रुग्णवाहिकेत एक पोलीस गेलाच पाहिजे. तिथे तो सोबत म्हणून जात नाही, ऐकायला जातो. जखमी वाटेत जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. जखमी बाई ‘दादल्यानं मारलं’ म्हणाली तर ‘पतीने मारहाण केली’ असं लिहू नका. माणूस दगावला, तर आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल तो जे बोलून गेला ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे पुराव्यात येतं. जुन्या कायद्यात हेच कलम ३२ होतं. दंडाधिकारी किंवा डॉक्टर रीतसर मृत्युपूर्व जबाब घेतीलच, पण तेवढा वेळ मिळेलच असं नाही. दवाखान्यात सिस्टरना आणि वॉर्डबॉयना आधीच विनंती करा, की शर्ट कापायचा तर भोसकल्याच्या किंवा गोळीच्या भोकातून कात्री नेऊ नका, बाजूने कापा, आणि कपडे कचऱ्यात टाकू नका. माझ्या पाहण्यात कितीतरी रक्ताळलेले कपडे दवाखान्याच्या बादलीतून परस्पर गेले, ते केवळ कुणी बोललं नाही म्हणून.

पाय कुठे ठेवायचा

जिवाचा प्रश्न मिटला की थांबा. दारातच थांबा, हात मागे बांधा आणि मिनिटभर नुसतं बघा. दिवा चालू होता की बंद, पंखा कितीवर होता, टीव्हीचा आवाज येत होता का, दाराला आतून कडी होती की नुसतं लोटलेलं होतं, कसला वास आला, चूल गरम होती का. या गोष्टी अर्ध्या तासात नाहीशा होतात. फोटोत वास येत नाही आणि चुलीची धगही कळत नाही. तिथे तुमचंच नाक आणि तुमचाच हात कामाचा. हात म्हणजे चुलीच्या वर वीतभर धरलेला, टेकवलेला नव्हे.

मग आत जायची वाट ठरवा. सगळे जण जिथून चालतील तिथूनच बहुधा गुन्हेगारही चाललेला असतो, दाराच्या मधून, खोलीच्या मधून. म्हणून आपण भिंतीच्या कडेने जायचं. एकाच वाटेने आत, त्याच वाटेने बाहेर, आणि नंतर येणारा प्रत्येक माणूस त्याच वाटेने. फ्रान्समधल्या ल्यों शहरात एडमंड लोकार्ड यांनी १९१० साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व आजही जगभर शिकवतात. माणूस जिथे जातो तिथे स्वतःचं काही सोडतो आणि तिथलं काही उचलून नेतो. गुन्हेगाराच्या बाबतीत हे आपण मान डोलावून ऐकतो. ते आपल्यालाही तितकंच लागू आहे, हे बुटात पाय घालतानाच लक्षात ठेवायला हवं.

म्हणून आत असताना तंबाखू मळू नका. मळताना चुटकीभर खाली सांडतेच, आणि मग ती तंबाखू मारेकऱ्याची की हवालदाराची, यावर दोन महिने जातात. थुंकू नका, विडी ओढू नका, घरातल्या माठातलं पाणी पिऊ नका, संडास वापरू नका, खाटेवर टेकू नका. नोकरीतल्या पहिल्या वर्षातल्या पोरांना हे सांगावं लागत नाही, ती घाबरलेली असतात. वीस वर्षं झालेल्यांना सांगावं लागतं.

घेरा मोठा टाका

घटनास्थळ म्हणजे मृतदेह पडला ती खोली, असं धरणं ही सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे. गुन्हेगार कुठून तरी आलेला असतो आणि कुठेतरी गेलेला असतो. जिना, परसदार, विहिरीचा काठ, बोळ, उकिरडा, गाडी उभी केल्याची जागा, हात धुतलेला नळ, हे सगळं घटनास्थळच आहे. पहिला घेरा तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट टाका. मोठा घेरा मागाहून लहान करता येतो. लहान घेरा मोठा करायचा म्हटलं तर तोवर बाहेरची जागा शंभर पायांनी तुडवलेली असते.

नॉयडात मे २००८ मध्ये जे घडलं ते त्या वेळी सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. १६ मेच्या सकाळी एका घरात शाळकरी मुलीचा मृतदेह सापडला आणि बेपत्ता असलेल्या घरगड्यावर संशय गेला. त्या घराच्या गच्चीच्या दाराला कुलूप होतं. ते त्या दिवशी उघडलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप तोडलं तेव्हा ज्याचा शोध चालू होता तो घरगडीच वर मरून पडलेला होता. दरम्यान घरात नातेवाईक, शेजारी, पत्रकार येऊन जाऊन होते. पुढे तपास सीबीआयकडे गेला, मुलीच्या आईवडिलांना शिक्षा झाली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. खरं काय घडलं यावर लोक अजून वाद घालतात. मी त्या वादात पडत नाही. मला ते कुलूप आठवत राहतं. घरातलं प्रत्येक बंद दार, माळा, गच्ची, पाण्याची टाकी पहिल्याच दिवशी पाहायची, निदान पाहिली नाही हे ठळक लिहून वरिष्ठांच्या कानावर घालायचं, एवढा धडा मी त्यातून घेतला.

घेरा टाकायला पिवळी रिबन असलीच पाहिजे असं नाही. खेड्यात ती नसतेच. दावं, दोरी, जुनं लुगडं, आडवी टाकलेली खाट, कशानेही वाट अडते. वाट अडल्याचं लोकांना दिसलं पाहिजे, एवढंच. आतल्या घेऱ्यात फक्त तपासाशी संबंध असलेली माणसं, बाहेरच्या घेऱ्यात पोलीस आणि गाड्या, त्याबाहेर बाकी गाव. श्वान पथक येणार असेल तर गुन्हेगाराने मागे टाकलेल्या वस्तूला कुणीही शिवू नये. शिवलं तर कुत्र्याला त्या माणसाचा वास मिळतो.

घेऱ्याच्या तोंडाशी एक जण वही घेऊन उभा. आत कोण गेलं, हुद्दा काय, किती वाजता, कशासाठी, बाहेर किती वाजता आलं. यात साहेबांचंही नाव यायला हवं. शिपायांना याचाच संकोच वाटतो. डीवायएसपी साहेब सरळ आत निघाले तर त्यांना अडवायचं कसं? अडवू नका, वाट दाखवा. ‘‘साहेब, इकडून, भिंतीकडेने या, मधे रक्ताचे डाग आहेत.’’ इतकं अदबीने म्हटलं की कुठलाही साहेब ऐकतो. माझ्या एका साहेबांनी तर त्यानंतर पायातले बूट काढून उंबऱ्याबाहेर ठेवले होते. सरपंच, नगरसेवक आणि कॅमेरेवाले यांना मात्र बाहेरच्या दोरीपाशीच नमस्कार करायचा.

आईने चादर मागितली तर

नातेवाइकांविषयी पुस्तकांत फार कमी लिहिलेलं असतं. घरातलं माणूस उघड्यावर पडलेलं आहे, गाव बघतो आहे, आणि आई म्हणते, ‘‘साहेब, पोरीच्या अंगावर चादर तरी टाकू द्या हो.’’ नाही म्हणताना घशात आवंढा येतो. पण घरातली चादर अंगावर टाकली की तिचे धागे, केस, घरातल्या चार माणसांचे डाग सगळं मृतदेहावर जातं आणि मृतदेहावरचं चादरीला लागतं. खाली बसा, तिच्या डोळ्याला डोळा द्या आणि खरं सांगा, की पोरीला कुणी मारलं याचा शोध तिच्या अंगावरच्या खुणांवरूनच लागायचा आहे, म्हणून थोडा वेळ कुणी हात लावू नये. मग दोन माणसांना चादर आडवी धरून उभं करा. मृतदेहावर टाकायची नाही, आडपडदा धरायचा. लोकांची नजर थांबते, आईला थोडा धीर येतो आणि पुरावाही राहतो. मी हे कित्येकदा केलं आहे आणि समजावल्यावर एकाही आईने हट्ट धरला नाही.

फोटो काढा, पण ते कामासाठी आहेत हे विसरू नका. मृतदेहाचा फोटो बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणारा पोलीस मला सहन होत नाही. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे, आणि तो पोलिसाने केला तरी गुन्हाच असतो.

पालथं घमेलं

पावसाचे दिवस होते. उसाच्या शेतात बांधावर एक खून झाला होता. आम्हाला पोचायला दोन तास लागले, कारण ओढ्याला पाणी होतं. गावचे पोलीस पाटील आमच्या आधी दीड तास तिथे उभे होते. आम्ही गेलो तेव्हा पाटाच्या कडेला एक घमेलं पालथं घातलेलं दिसलं, चार दगडांवर टेकवलेलं आणि वर धोंडा ठेवलेला. ‘‘काय आहे पाटील?’’ तर म्हणाले, ‘‘पाय उमटलाय साहेब. आभाळ आलं म्हणून झाकला.’’ घमेलं उचललं. खाली ओल्या मातीत वहाणेचा ठसा होता. टायरच्या तळाची वहाण, टाचेला तीन खिळे, त्यातला एक वाकडा. आजूबाजूला पाऊस पडून सगळा चिखल झाला होता आणि घमेल्याखालची माती साच्यासारखी राहिली होती.

मला त्याहून थोर वाटलं ते पुढचं. पाटलांनी खिशातून विड्यांच्या बंडलाचा कागद काढून दिला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, सव्वाचारला आलो, मी आणि गडी दोघंच बांधापर्यंत गेलो, उत्तरेकडून, घमेलं पावणेपाचला घातलं. आणि स्वतःच्या व गड्याच्या चपला त्यांनी काढून बाभळीच्या बुंध्याशी ठेवल्या होत्या. ते अनवाणी उभे होते. का, म्हणून विचारलं. ‘‘आमचे पाय कुठले आणि त्याचे कुठले, हे तुम्हाला कळायला नको का?’’ वगळण्यासाठी घ्यायचे नमुने म्हणून जे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं, ते हा माणूस भर पावसात करून मोकळा झाला होता. त्या ठशाचा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये साचा घेतला, आणि तीन खिळ्यांपैकी तो वाकडा खिळा पुढे आम्हाला फार कामाला आला.

पाऊस, ऊन, वारा, कोंबड्या, कुत्री हे पुराव्याचे शत्रू आहेत आणि साहेबांची वाट बघत थांबणारे नाहीत. उघड्यावरचा डाग किंवा ठसा झाकायचा तर त्याला न टेकता झाका. घमेलं, टोपली, पाटी, उलटी बादली चालेल. प्लास्टिकचा कागद थेट ठशावर पसरू नका. झाकण्याआधी शक्य असेल तर फोटो घ्या. एक लांबून, जागा कळेल असा. एक मधल्या अंतरावरून. एक अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मोजपट्टी नसेल तर नाणं ठेवा आणि कुठलं नाणं ते लिहा. मृतदेहाभोवती खडूने रेघ मारण्याची पद्धत सिनेमात छान दिसते. फोटो आणि मोजमाप व्हायच्या आधी ती मारू नका.

वस्तू गोळा करणं हे पहिल्या माणसाचं काम नाही. ते तज्ज्ञांवर आणि तपास अधिकाऱ्यांवर सोडा. काही कारणाने उचलावीच लागली, वाहून जाणार आहे किंवा कुणी पळवणार आहे, तर उचलण्याआधी फोटो, उचलल्याची वेळ आणि जागा. ओलं रक्त लागलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत दमटपणाने बुरशी धरते आणि डीएनएची वाट लागते. सावलीत वाळवून स्वच्छ, कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवायचा. आणि क्षुल्लक वाटतं म्हणून काही फेकू नका. १८९८ साली बंगालमधल्या जलपायगुडीत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या कागदपत्रांच्या पेटीत एक बंगाली पंचांग होतं, त्यावर तपकिरी पुसट डाग. तो रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा निघाला. कलकत्त्यात आदल्याच वर्षी, १८९७ मध्ये, बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं होतं. तिथे जपलेल्या ठशांपैकी तो जुळला, आधी चोरीची शिक्षा भोगलेल्या जुन्या नोकराच्या ठशाशी. कोर्टाने खुनासाठी पुरावा अपुरा मानला, चोरीसाठी शिक्षा दिली. बोटांच्या ठशांवरून झालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या शिक्षांमध्ये ती मोडते. रक्ताचे डाग पडलेलं जुनं पंचांग कुणी चुलीत घातलं असतं तर?

मोबाईल चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर सुरू करून बघू नका, आणि ‘शेवटचा कॉल कोणाचा’ हे पाहण्याचा मोह आवरा. सीसीटीव्हीबद्दल मात्र घाई करा. बहुतेक यंत्रांमध्ये जुनं चित्रण ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मालकाला लगेच सांगा, आणि स्क्रीनवरची वेळ व तुमच्या मोबाईलवरची वेळ दोन्ही एकाच मिनिटाला लिहून घ्या. दुकानातल्या कॅमेऱ्याचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्या वीस मिनिटांवर निर्दोष माणूस अडकू शकतो.

साक्षीदारांना एकत्र बसवून चहा पाजू नका. चौघांनी काय पाहिलं ते अर्ध्या तासात एकच होऊन जातं. वेगवेगळे बसवा, नाव, पत्ता, फोन घ्या, पहिलं वाक्य जसं बोलले तसं टिपा.

१ जुलै २०२४ नंतर

नवे कायदे लागू झाल्यापासून पहिल्या पोलिसाचं काम वाढलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि त्या कामाचं चित्रीकरण होणं अपेक्षित आहे. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत कायद्याने दिली. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करावं लागतं. हे चांगलंच आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणाहून फॉरेन्सिकची गाडी एखाद्या डोंगरातल्या वस्तीवर पोचायला तीन तास लागू शकतात. पूर्वी आमचे साहेब अर्ध्या तासात येऊन पंचनामा सुरू करायचे. आता आधी पोचलेला शिपाई एकटा तीन तास दोरी धरून उभा असतो, अंधार पडतो, गर्दी वाढते, नातेवाईक चिडतात. त्याला पाणी आणि पाळीबदल मिळाला पाहिजे, हे ठाणे अंमलदाराने पाहायचं आहे.

अकस्मात मृत्यू आहे, एडी दाखल होणार, म्हणून सैल राहू नका. आत्महत्या वाटलेलं प्रकरण पोस्टमॉर्टेमनंतर खून निघतं आणि तोवर खोली सारवून झालेली असते. लग्नाला सात वर्षं झालेली नाहीत अशा विवाहितेचा मृत्यू असेल, तर पहिल्या मिनिटापासून खुनाइतकीच काळजी घ्या.

आता घरच्या माणसांसाठी थोडं. रात्री गावाहून परतलात आणि कुलूप तुटलेलं दिसलं, तर आत शिरून काय गेलं ते बघू नका. तोच मोह सगळ्यांना होतो. कपाट उचकटलेलं असतं, माणूस धावत जाऊन खण उघडतो, आणि ठसे सगळे घरच्यांचे होऊन बसतात. बाहेर उभं राहा, ११२ लावा, शेजाऱ्याकडे बसा. केर काढू नका. केर काढायची इच्छा मला समजते. घर विस्कटलेलं बघवत नाही. पण चोराच्या बुटाची माती त्या केरातच असते. आत गेलाच असाल तर कुठे कुठे हात लावला ते पोलिसांना सांगा, कमीपणा मानू नका. पंच म्हणून बोलावलं तर पंचनामा पूर्ण वाचा. जे पाहिलं नाही ते लिहिलेलं असेल तर सही करू नका, जे पाहिलं ते राहिलं असेल तर लिहायला लावा. वाड्यातल्या त्या दुकानदाराने मला तेव्हाच ‘कपांचं राहिलं साहेब’ म्हटलं असतं, तर माझ्यावर उपकार झाले असते.

तपास अधिकारी आले की त्यांना बाजूला घ्या. काय घडलं असेल याबद्दलचा तुमचा तर्क नंतर सांगा. आधी काय बदललं ते सांगा, वही समोर धरून, वेळेसकट, आणि त्याच पानावर त्यांची सही घ्या. ‘‘साहेब, चार दहाला पोचलो. दार लोटलेलं होतं, मी कोपराने ढकललं. बाईच्या मनगटाला हात लावून नाडी पाहिली, उजव्या हाताने. डावीकडच्या भिंतीने आत गेलो, तसाच मागे आलो. चार वीसला शेजारीण ओट्याकडे गेली, तिला थांबवलं, पण एका कपाला तिचा हात लागला आहे. तिचं नाव इथे लिहिलंय. ती बाहेर बसली आहे.’’